जगाचा कान

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

लाकडी नमुना काल पोचला. खोक्यात तुम्ही इतका भुसा भरला होता की टपालवाल्याला वाटलं मी अंडी मागवली आहेत. माझ्या टेबलाच्या खणात, खुर्चीवर आणि फायलींत अजून भुसा सापडतोय. शेजारी खुर्च्या डिझाइन करणारे एक गृहस्थ बसतात, ते कालपासून शिंकताहेत आणि माझ्याकडे बघताहेत.

खोकं फोडलं, नमुना हातात घेतला आणि तुम्ही शिकवलंत तसे डोळे मिटले. बाबा, क्षणभर मी आपल्या स्वयंपाकघरातच उभी होते. गेल्या चार महिन्यांत मी या पाण्याच्या जगाचे एकतीस नमुने केले. पुठ्ठ्याचे केले, फोमचे केले, मातीचे केले. त्याआधी नऊ दिवस हॉस्पिटलच्या वॉर्डात एका स्टुलावर बसून, पडल्या पडल्या माणसं पाणी कसं ओतून घेतात ते नुसतं बघत होते. बहुतेक जण ओतून घेतच नाहीत. तहान दाबून पडून राहतात, कारण प्रत्येक घोटाला सिस्टरना हाक मारायची लाज वाटते. मला असा जग करायचाय की आजारी माणसानं कुणाला हाक न मारता आपल्या हातानं पाणी घ्यावं. अंग जमलं, चोच जमली, पण धरायचा कान काही केल्या जमेना. म्हणून तुम्हाला चित्र पाठवून लिहिलं की आपल्या घरच्या जुन्या जगासारखा कान असलेला अख्खा नमुना करून द्या. तो तुम्ही पहिल्या फटक्यात केलात, म्हणजे माझे एकतीस गेले केरात.

बाहेरून आलेला नमुना आम्ही कॅलिपर लावून बारीक मोजतो, असा नियम आहे. तुमचा मोजला नाही. तुमच्या कामाला माप लावायचं म्हणजे मला कसंतरीच वाटलं. आमच्या विभागप्रमुख बाईंनी तो रिकामाच उचलून बघितला, छान आहे म्हणाल्या, आणि नमुना थेट संगणकात उतरवायला गेला. आता त्यावरून वीस जग करून वॉर्डात वापरून बघायचे आणि वीस मार्चला पोलादाचा साचा कापायला घ्यायचा. साचा एकदा कापला की त्यात बदल नाही. पोलाद परत चिकटवता येत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार?

आठ वर्षं मी बाटल्यांची झाकणं, पंख्याची बटणं आणि शिलाई मशीनची कव्हरं करत आले. तळापासून तोंडापर्यंत माझी अशी ही पहिली वस्तू. मी स्वतः डावखुरी, शाळेच्या कृपेनं लिहिण्यापुरती उजवी, त्यामुळे चित्रात कान अगदी मधोमध ठेवलाय, कुठल्याही हाताला चालावा म्हणून. दादाला कळवलं तर त्याचं उत्तर आलं की जग फुटणारा नसेल तरच मला दाखव.

श्रवणयंत्र लावता ना? नसाल लावत तर पत्रं लिहिण्यावाचून मला गत्यंतर नाही, आणि ते मला आवडतं हे तुम्हाला ठाऊक आहे.

लोभ घरच्या कपाटात आहे तेवढा असू द्यावा, थोडा टपालानं पाठवावा.
तुमची,
बारकी


११ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. यंत्र खणात आहे आणि तिथं ते छान ऐकतं. पन्नास वर्षं करवतीच्या चाकाशेजारी उभा राहिलेला माणूस मी, मला शांततेचा कंटाळा आलेला नाही.

कान पसंत पडला हे बरं झालं. तुझं चित्र एकदा बघितलं आणि बाजूला ठेवलं. तुझा हात मला चित्रापेक्षा जास्त पाठ आहे. लाकूड जुन्या फळीचं घेतलं, चाळीस वर्षं वाळलेलं, म्हणजे आता ते कुणाचं ऐकून वाकणार नाही. फाउंड्रीत असताना आमचे मिस्त्री म्हणायचे की पॅटर्न करणाऱ्याचं काम कुणी बघत नाही. लाकडाचा नमुना वाळूत दाबायचा, तो काढून घ्यायचा, त्या पोकळीत धातू ओतायचा, आणि लोक धातूचं कौतुक करतात. तुमचंही तसंच दिसतंय. जगावर तुझं नाव थोडंच असणार आहे.

दादा रविवारी येऊन गेला. मला न विचारता छपरावरची गळती बघून गेला, म्हणजे नुसती बघून गेला. जेवताना आपल्या जुन्या जगाला हात लावला आणि अर्धं पाणी टेबलावर. अडतीस वर्षांचा झाला, शाळेत भूगोल शिकवतो, साऱ्या पृथ्वीवरच्या नद्या त्याला तोंडपाठ, पण एक जग सांभाळता येत नाही. मी तसं म्हटलंही. तो हसला आणि फडकं आणायला गेला. फडकं कुठं असतं ते त्याला बरोबर ठाऊक आहे.

तुझी आई असती तर मला गप्प बसवलं असतं. पोरांमध्ये डावं-उजवं करू नका, हे तिचं पालुपद होतं. जाऊन सहा वर्षं झाली, तरी ते वाक्य अजून कानात आहे, यंत्राशिवाय ऐकू येणारं बहुधा तेवढंच. पण खरं सांगतो, मी तसं कधी केलं नाही. खाऊसुद्धा तराजूत घालून वाटला तुम्हा दोघांना.

साचा कापण्याआधी कळव. तब्येतीला जप, आणि जेवणाच्या वेळी जेव.

आशीर्वादात काटकसर नाही.
बाबा


२ मार्च

ती. दादास,
सा. न.

तुला सहसा मी वाढदिवसालाच पत्र लिहिते, त्यामुळे पाकीट बघून घाबरला असशील. सगळे ठीक आहेत. ठीक नाही तो माझा जग.

वीस जग वॉर्डात दिले त्याला आज पाच दिवस झाले. पहिल्या दिवसापासून पाणी सांडतंय. पेल्यात पडायच्या ऐवजी कडेवर पडतं, चादरीवर पडतं. मला वाटलं चोच चुकली. दोन दिवस चोच तासली. मग वाटलं वजन पुढं झुकतंय, म्हणून तळ जड केला. सांडणं चालूच. मला सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. या माणसांपैकी एकानंही जगाला नाव ठेवलं नाही. प्रत्येक जण माझीच माफी मागत होता. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारे बस ड्रायव्हर आहेत, तीस वर्षं घाटातून गाडी चालवलेले. ते ओशाळून म्हणाले की बाई, तुमची वस्तू चांगली आहे, माझाच हात वेंधळा.

दादा, मी तिथंच स्टुलावर बसून राहिले. हा चेहरा मी कुठं बघितलाय ते आठवत होते, आणि मला तू दिसलास. जेवणाच्या टेबलाशी, हातात फडकं घेऊन. तुला सांडू हे नाव मीच पाडलं होतं.

काल कोड्याचा उलगडा झाला. एका बाईंच्या उजव्या हाताला सलाईन लावलेलं होतं. त्यांनी डाव्या हातानं जग उचलला आणि एक थेंब न सांडता पेला भरला. मी धावतच ऑफिसला आले आणि बाबांच्या लाकडी नमुन्याला कोन मोजायची पट्टी लावली. माझ्या चित्रात कान सरळ आहे. नमुन्यात तो सात अंश डावीकडे वळलेला आहे आणि अंगठ्याची खोबण एका बाजूला आहे. डोळ्यांना दिसत नाही. डाव्या हाताला स्वर्ग, उजव्याला मनगट मुरगाळावं लागतं. आम्ही वॉर्डात जो तक्ता भरून घेतला त्यात वय, उंची, आजार सगळ्यांना रकाने आहेत, कोणत्या हातानं ओतलं याला रकानाच नाही. आणि मला स्वतःला तो कान जगातला सर्वांत चांगला कान वाटत होता. वाटणारच.

नमुना बाबांनी केलाय आणि घरच्या जुन्या जगावरून केलाय. म्हणून तुला एकच विचारते, आणि थट्टेत उत्तर देऊ नकोस. आपल्या घराबाहेर तू कधी पाणी सांडलंस का?

साचा कापायला अठरा दिवस उरलेत. लवकर लिही.

तुझी माया मी गृहीत धरते, धाकटेपणाचा तेवढा हक्क आहे.
बारकी


८ मार्च

चि. बारकीस,
अ. आ.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा हसलो. दुसऱ्यांदा तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा शाळेतल्या प्रयोगशाळेत गेलो, दार लावलं आणि काचेचे चाळीस पेले मांडून मोठ्या चंबूतून एकेक भरला. एक थेंब सांडला नाही. शिपाई बाहेरून बघत होता. त्यानं मुख्याध्यापकांना सांगितलं असणार, कारण दुपारी त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला आधीच माहीत असायला हवं होतं. वसतिगृहात चार वर्षं राहिलो, तिथं कुणी मला सांडू म्हटलं नाही. मला वाटायचं तिथली मुलं सभ्य आहेत. इथं माझ्या घरी तर मी जगाला हातच लावत नाही. लग्न झाल्या झाल्या तुझ्या वहिनीला सांगून टाकलं की माझ्या हाताला काम देऊ नकोस, आणि बारा वर्षं ती बिचारी मला पाणी वाढून देते आहे. परवा तुझं पत्र ऐकल्यावर तिनं जग माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, हं, आता बारा वर्षांचं भरून काढा.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. मी बारा वर्षांचा असताना बाबांनी मला पहिल्यांदा रंधा हातात दिला होता. मी आठवडाभर त्याची वाट बघत होतो, शाळेतल्या मुलांना सांगून ठेवलं होतं. फळीवर रंधा चालवला तर तो तिरका गेला आणि फळीला खड्डा पडला. दुसऱ्यांदाही तसंच. बाबा चिडले नाहीत. त्यांनी रंधा काढून घेतला आणि शांतपणे म्हणाले, राहू दे, तुझ्या हाताला डोळे नाहीत. पुढच्या महिन्यात तू त्याच रंध्यानं लांबच लांब साल काढलीस आणि ती गळ्यात घालून घरभर फिरलीस. त्यानंतर मी वर्कशॉपचा उंबरा ओलांडला नाही. नकाशे वाचायला लागलो. नकाशाला हात लावावा लागत नाही.

त्या रंध्याची मूठ कशी होती, हा प्रश्न आता मनात आला आहे. विचारणार मात्र नाही. तूही बाबांना यातलं काही कळवू नकोस. चौऱ्याहत्तरीच्या माणसाला त्याच्या हातांबद्दल काही सांगू नये. तू तुझा जग सरळ कर. मला भूगोल आवडतो, हे मी खोटं बोलत नाही.

वहिनीचा आशीर्वाद. माझाही, कडेनं न सांडता.
दादा


१० मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहिते. तुम्ही पाठवलेला कान सात अंश डावीकडे आहे. वॉर्डात उजव्या हाताची माणसं पाणी सांडताहेत. चूक माझी आहे. मोजायला हवं होतं ते मी मोजलं नाही.

उद्या बाईंना सगळं सांगणार आहे. साचा थांबेल. मग हे काम माझ्याकडे राहील की नाही ते माहीत नाही. शेजारचे शिंकणारे गृहस्थ केव्हापासून अशा संधीची वाट बघताहेत, आणि ते कामात चांगलेही आहेत. आठ वर्षांनी मिळालेली वस्तू हातची जाऊ शकते. न सांगितलं तर कुणाला कळणारही नाही, लोक आपल्याच हाताला दोष देऊन गप्प बसतील. पण त्या ड्रायव्हरकाकांचा चेहरा मला दिसत राहील.

मला तुम्हाला रागवायचं नाही. फक्त समजून घ्यायचंय. चित्रात कान सरळ होता. तुम्ही मुद्दाम वळवलात का? आणि आपला जुना जगही तसाच आहे का?

रागावू नका, आणि लवकर लिहा.
बारकी


१५ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र आल्यावर जुना जग कोनाड्यातून काढला आणि मोजला. सात अंश. मग तुझ्या चित्राची घडी उघडली. शून्य. देवाशप्पथ सांगतो, मी मुद्दाम केलं नाही. तुझ्यासाठी कान करायचा म्हटलं की माझी पटाशी आपोआप तिकडे जाते. हाताला लागलेलं वळण आहे, पण ते लागलं कसं ते तुला कधी सांगितलं नव्हतं.

तू सहा वर्षांची होतीस. शाळेतून आलीस तेव्हा डाव्या बोटांवर पट्टीचे वळ होते. जेवताना तू उजव्या हातात चमचा धरून बसलीस, अर्धं अंगावर सांडलंस आणि घाबरून माझ्याकडे बघितलंस. मी शाळेत जाऊन भांडलो. तिथले मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले की सगळं जग उजव्या हाताचं आहे, तिला लवकर सवय झालेली बरी. परत येताना ठरवलं की बाहेरचं जग तुमचं असू दे, माझ्या चार भिंती माझ्या आहेत.

आधी पाण्याचा जग केला. कान वळवून पॅटर्न केला आणि फाउंड्रीत अॅल्युमिनियममध्ये ओतून घेतला. मग कपाटांची दारं काढून उलटी बसवली. खिडकीच्या कड्या, नळाची मूठ, कात्री, आणि शेवटी माझ्या रंध्याची मूठ. एकेक गोष्ट, तीन वर्षं. तुला बोललो नाही, कारण बोललो असतो तर तुला वाटलं असतं की तुझ्यातच काही दुरुस्तीला आलंय. मी स्वतः दोन्ही हातांनी काम करणारा, मला घरात काही बदललंय असं जाणवलंच नाही. मनातल्या मनात मोठा खूश होतो. लोक मुलीसाठी जग बदलायच्या गोष्टी करतात, मी निदान पाण्याचा तरी बदलला होता.

आता पुढचं लिहायला मला दोन दिवस लागले आहेत. तुझी आई तो जग नेहमी दोन्ही हातांनी धरायची. मी तिला हसायचो, की बाळ आहे का ते. ती म्हणायची, डावं-उजवं करू नका. मला वाटायचं ती मायेबद्दल बोलते आहे. म्हणून मी खाऊ तराजूत घालत बसलो. बारकी, ती मायेबद्दल बोलत नव्हती. ती जगाबद्दल बोलत होती. दारांबद्दल, कड्यांबद्दल. अगदी शब्दशः बोलत होती ती, आणि तेव्हा माझे कान चांगले होते.

तुझ्या पत्रात तू दादाचं नाव कुठंच लिहिलेलं नाहीस. एरवी एक तरी चिमटा असतो. म्हणूनच तो मला दिसला. मी त्याच्या हातातून रंधा काढून घेतला होता. काय म्हणालो होतो तेही आठवतंय.

बाईंना सांगायचं ठरवलंस ते योग्य केलंस. काम गेलं तर जाऊ दे. सांडणारी वस्तू आपल्या नावावर नको, आपलं नाव तिच्यावर लिहिलेलं नसलं तरी.

तुझा,
बाबा


२३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. हा नमस्कार मुद्दाम दोन्ही हातांनी, पेन खाली ठेवून.

साचा थांबला. बाईंना सगळं सांगितलं, तुमचं सोडून. नमुना कुणी केला असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं की कुणीही केला असला तरी मोजायचं काम माझं होतं. त्यांनी वॉर्डातला तक्ता पुढं ओढला. मग म्हणाल्या की हा तक्ता अठरा वर्षांपूर्वी त्यांनीच तयार केला, आणि अठरा वर्षांत कोणता हात हे विचारायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्यांनी पट्टी घेऊन स्वतः एक रकाना आखला. मला सहा आठवडे मिळालेत. काम माझ्याकडेच आहे. शिंकणाऱ्या गृहस्थांनी मला चहा पाजला आणि कबूल केलं की त्यांच्या एका खुर्चीवर आजवर एकही उंच माणूस बसवून बघितलेला नाही.

आता कान सरळ करतेय आणि खोबण दोन्ही बाजूंना देतेय. गंमत म्हणजे माझ्या हाताला तो अजिबात बसत नाही. फक्त छान बसतो असं वाटणं पुरत नाही, हे आठ वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. डोळे मिटून बघायचं हे तुम्ही शिकवलंत. आता डोळे मिटायला दुसऱ्यांना सांगायचं.

तुमचं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले, हे लिहूनच टाकते. माझं सगळं लहानपण तुम्ही रंध्यानं गुळगुळीत केलंत आणि मला वाटलं ते तसंच असतं. दादाबद्दल मात्र मी काही लिहिणार नाही. ते तुम्हीच त्याला लिहा. मी मध्ये पडले तर ते पुन्हा डावीकडे जाईल.

तुमच्या सगळ्या अंशांसह तुमची,
बारकी


३० मार्च

चि. दादास,
अ. उ. आ.

तुला पत्र लिहायची सवय नाही, म्हणून अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे.

बारकीच्या जगाची हकीगत तुला कळलीच असेल. मला तुला एवढंच सांगायचंय. तुझा हात वेंधळा नव्हता. घर वाकडं होतं, आणि ते मी केलं होतं. एका पोराला सोपं जावं म्हणून केलं आणि दुसरं त्याच घरात राहतंय हे विसरलो. अठ्ठावीस वर्षं तू फडकं आणायला उठलास आणि मी हसलो. तुझी आई सांगत होती, मला कळलं नाही. तिची माफी मागायची राहिली. तुझी मागतो.

गेल्या आठवड्यात रंध्याची मूठ काढली आणि नवी केली. उजवी. आता तुला पुन्हा रंधा शिकायची हौस असेल असं मी धरून चालत नाही. पण येशील तेव्हा वर्कशॉपचं दार उघडं असेल. त्याची कडी तेवढी बदलायची राहिली आहे.

तुझा,
बाबा


२७ एप्रिल

चि. बारकीस,
अ. आ.

तुझ्या सरळ कानाच्या जगाचा नवा नमुना बाबांकडे पोचला त्याच दिवशी मीही पोचलो. बाबांचं पत्र तीन आठवडे खिशात घेऊन हिंडत होतो. वहिनी म्हणाली, ते पत्र धुवायला टाकण्याआधी एकदा जाऊन तरी या.

घरात पाऊल टाकलं आणि सगळीकडे आपटत सुटलो. बाबांनी महिनाभरात अर्धं घर उजवं करून ठेवलंय. कपाटाचं दार नाकावर आलं. मी अठ्ठावीस वर्षं चुकत चुकत त्या डाव्या घराची सवय केली होती, आता नेमकं तेव्हाच त्यांनी ते फिरवलं. तसं बोललो तर ते यंत्र लावून आले आणि म्हणाले, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. मग आम्ही दोघंही इतके हसलो की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं.

दुपारी ते वर्कशॉपमध्ये गेले. मीही गेलो. उंबरा मला वाटला होता त्यापेक्षा बुटका निघाला. फळी अडकवलेली होती, रंधा वर ठेवलेला. त्यांनी तो माझ्या हातात दिला नाही, नुसते बाजूला झाले. पहिली साल तुटली. दुसरी अर्ध्यात तुटली. तिसरी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध आली, तुझ्या गळ्यातल्या सालीएवढी लांब. बाबांनी फळीवर तळवा फिरवला, एकदा जाताना, एकदा येताना. म्हणाले, "हाताला डोळे आहेत तुझ्या." मग पाठ फिरवून ते कानस शोधायला लागले. कानस त्यांच्या हातातच होती.

मी सुतार होणार नाही, घाबरू नकोस. भूगोलच बरा. पण ती साल घडी न करता घरी आणलीय, शाळेच्या नकाशाच्या नळकांड्यातून.

त्यांना जुना जगही वितळवून टाकायचा होता. मी वितळवू दिला नाही. म्हटलं, तो बारकीचा आहे, ती आली की तिला लागेल. आता टेबलावर दोन जग आहेत, तुझा आणि तुझ्यासाठीचा. एवढं डावं-उजवं असलेलं चालतं, आईचीही हरकत नसती.

साचा कापला की कळव. वॉर्डातल्या त्या ड्रायव्हरकाकांना पहिला जग दे, आणि त्यांच्यापुढं उभी राहून बघ.

हे पत्र बाबांच्या टेबलाशी बसूनच लिहितोय. खाली उजव्या कोपऱ्यात शाई पसरली आहे तो डाग पाण्याचाच आहे. तुझ्या नव्या जगातलं पाणी. माझा पेला भरायला बाबांनीच हट्टानं उचलला, आणि हात सात अंश चुकला. मी उठून फडकं आणलं.

तुझा,
सांडू